वारा मोजायचा तो हरणाच्या नाकाशी

'वारा तोंडावर घ्या आणि चालू लागा.' डोंगराळ मुलखात हरणाच्या मागावर निघालेल्या नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी हे वाक्य ऐकवले जाते, आणि पुष्कळांचे वाऱ्याविषयीचे शिक्षण तिथेच संपते. स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये लाल हरणाचा माग काढणे ही एक जुनी विद्या आहे. विल्यम स्क्रोपने १८३८ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पण तिथेही पाहुण्या शिकाऱ्यांच्या तोंडी आज हाच एक मंत्र असतो. त्या डोंगरांत मी हाती बंदूक न घेता, केवळ दुर्बीण घेऊन, मागकाढ्यांच्या पाठोपाठ हिंडलो आहे. तिथे जे पाहिले आणि हवामानशास्त्राने जे मोजले, त्यांच्या आधारे माझे म्हणणे असे आहे : हा नियम सपाटीवर खरा आहे, डोंगरात अपुरा आहे, आणि जागा जितकी अवघड तितका तो अधिक दगा देतो. आरोप मोठा आहे, म्हणून पुरावा एकेक करून मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

प्रथम पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी. या नियमाचे पुरस्कर्ते म्हणतात : हरणाचे खरे शस्त्र त्याचे नाक. डोळ्यांना चकवता येते, कानांना चकवता येते, नाकाला येत नाही. माणसाचा वास वाऱ्याबरोबर वाहतो. तेव्हा वारा हरणाकडून आपल्याकडे येत असेल तर आपला वास मागे जाईल आणि हरीण बेसावध राहील. वाऱ्याची दिशा आदल्या रात्रीच्या अंदाजात मिळते, सकाळी गालावर कळते. वारा मंद असेल तर उत्तम. उरलासुरला वास गंध शोषणाऱ्या कपड्यांनी दाबता येतो. आणि सर्वांत वजनदार मुद्दा : नियम सोपा आहे. थंडीने बोटे बधिर झालेल्या, दम लागलेल्या माणसाला डोंगरात सोपा नियमच आठवतो.

यातले पहिले विधान मला शंभर टक्के मान्य आहे. हरणाच्या नाकाला तोड नाही. वाद त्यापुढच्या प्रत्येक पायरीवर आहे.

पण हा वाद मराठीत कशासाठी? आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहावी. स्कॉटलंडची गोष्ट वेगळी आहे. तिथला लांडगा काही शतकांपूर्वी नाहीसा झाला. हरणांना नैसर्गिक शत्रू उरला नाही, आणि वाढलेले कळप कोवळी झाडे उगवू देत नाहीत. ग्लेन फेशीच्या खोऱ्यात हरणांची संख्या खाली आणल्यावर जुन्या पाइन वृक्षांच्या आसपास पुन्हा रोपे धरू लागली. म्हणजे तिथे हरीण मारावे लागते. प्रश्न उरतो तो कसे मारावे, एवढाच. वाऱ्याने घात केला की कळप उधळतो, शिकारी घाईने गोळी सोडतो, आणि जखमी जनावर कुठल्याशा घळीत जाऊन तडफडते. वाऱ्याचे अज्ञान तिथे जनावराच्या यातनांत मोजले जाते. शिवाय बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणात बसणाऱ्याला आणि सह्याद्रीच्या धारेवर कॅमेरा घेऊन दबा धरणाऱ्यालाही हाच वारा सांभाळावा लागतो.

आता खंडन. पहिला मुद्दा अंदाजातल्या वाऱ्याचा.

हवामानखाते वाऱ्याची दिशा सांगते ती मोकळ्या जागी, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर असणाऱ्या वाऱ्याची. ब्रिटनच्या हवामानखात्याचे देशापुरते तपशीलवार गणिती प्रारूपही मुलूख साधारण दीड किलोमीटरच्या चौकटींत विभागते. त्या चौकटीत जे डोंगर, घळी, खिंडी येतात त्यांची जणू सरासरी निघते. आता हायलँड्समधली 'कॉरी' डोळ्यांसमोर आणा. हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरलेली प्रचंड वाटी. तीन बाजूंनी कडे, एक बाजू उघडी. अशी कितीतरी कॉरी दीड किलोमीटरहून अरुंद असतात. म्हणजे ज्या जागेत हरीण बसले आहे ती अख्खी जागा अंदाजाच्या एका चौकटीत बुडून जाते. 'नैर्ऋत्येचा वारा' हे विधान त्या मुलखाविषयी खरे असेल. त्या वाटीविषयी ते काय सांगते? काहीच नाही.

दुसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून इथे थोडे थांबू. डोंगर वाऱ्याला केवळ अडवत नाही, तो वारा घडवतो.

याचा उत्तम पुरावा हायलँड्सच्या दारातच आहे. १९८२ आणि १९८३ साली स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या साउथ युइस्ट बेटावर, अस्कर्व्हेन नावाच्या टेकडीवर, वाऱ्याचा एक आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला. टेकडी जेमतेम ११६ मीटर उंचीची, गुळगुळीत पाठीची, झाडझाडोऱ्यावाचून. तिच्यावर पन्नासच्या आसपास मनोरे उभारून वारा मोजला. माथ्यावर वाऱ्याचा वेग पायथ्यासमोरच्या मोकळ्या वाऱ्यापेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी वाढलेला आढळला. वाऱ्याआडच्या उतारावर तो मूळ वेगाच्या निम्म्याहूनही खाली आला आणि त्यातली खळबळ वाढली. एवढ्याशा, एवढ्या सौम्य टेकडीने एकाच वाऱ्याचे दोन वारे केले. मग कॉरीच्या उभ्या कड्याने काय होत असेल?

काय होते ते ठाऊक आहे. वाऱ्याआडचा उतार साधारण पंधरा-वीस अंशांहून तीव्र झाला की वरून येणारा प्रवाह जमिनीला चिकटून खाली उतरत नाही. तो धारेवरून सुटतो आणि पुढे निघून जातो. खाली राहिलेली हवा भोवऱ्यात फिरू लागते, आणि भोवऱ्याची जमिनीलगतची बाजू उलट, म्हणजे उतारावरून वर, धारेकडे वाहते. ओढ्याच्या धोंड्यामागे पाणी उलटे फिरताना आपण सर्वांनी पाहिले आहे. इथे धोंड्याच्या जागी डोंगर आहे, एवढाच फरक. वर नैर्ऋत्येचा वारा, खाली ईशान्येचा. दोन्ही एकाच क्षणी, एकाच डोंगरावर.

आणि हरीण कुठे बसते? वादळी दिवशी ते नेमके याच निवाऱ्याच्या बाजूला बसते. म्हणजे नियम पाळणारा माणूस ज्या जागी जायला निघाला आहे, त्याच जागी नियम उलटा पडलेला असतो.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. हायलँड्सच्या वेस्टर रॉस भागातली सप्टेंबरअखेरची सकाळ. अंदाज नैर्ऋत्येचा. ईशान्येकडे उघडणाऱ्या एका कॉरीत, मागच्या कड्याखाली, नऊ हरणे बसलेली. त्यांत एक म्हातारा नर, उताराला लागलेला, त्या वर्षी काढायचा म्हणून हेरलेला. पाहुण्या शिकाऱ्याने कॉरीच्या तोंडाशी गाल पुढे केला. वारा थेट समोरून. मलाही वाटले, याहून चांगला दिवस नाही. आमच्या मागकाढ्याच्या कपाळाला आठी होती, पण पाहुण्याचा आग्रह मोडवेना. पाण्याने फुगलेल्या गवतातून आम्ही पोटावर सरकत तीनशे पावले आत गेलो. गालावरचा वारा केव्हा थांबला हे आमच्यापैकी दोघांना कळलेही नाही. मागकाढ्याने खिशातून मेंढीच्या लोकरीचा पुंजका काढला. कुंपणाच्या तारेवर अडकलेली लोकर तो येता-जाता गोळा करीत असे. त्यातला एक धागा त्याने बोटांतून सोडला. धागा क्षणभर जागीच लोंबकळला, मग आमच्या डोक्यांवरून पुढे गेला. शांतपणे, घाई न करता, हरणांच्या दिशेने.

एका म्हाताऱ्या मादीने मान वर केली. आमच्याकडे तिने पाहिलेही नाही. नाक उंचावले, एकदा भुंकली, आणि उठली. तिच्यामागे सारा कळप एका ओळीत धारेवरून पलीकडे उतरला. फ्रँक फ्रेझर डार्लिंगने १९३०च्या दशकात याच मुलखात हरणांच्या सहवासात राहून जे लिहून ठेवले, आणि १९३७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, ते त्या क्षणी समोर घडत होते : कळपाचे नेतृत्व शिंगाळ नराकडे नसते, अनुभवी मादीकडे असते. आम्ही नराच्या शिंगांवर दुर्बीण लावून बसलो होतो. निर्णय मादीच्या नाकाने घेतला.

कोणी म्हणेल, हा एक प्रसंग झाला, एका प्रसंगावरून सिद्धान्त होत नाही. मान्य. म्हणून तर मोजलेला पुरावा आधी ठेवला. आणि मराठी वाचकाला दूरच्या साक्षीदाराचीही गरज नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खाली सोडलेली हलकी वस्तू वर परत येते, हे कड्यावर गेलेला प्रत्येक जण सांगतो. पावसाळ्यात नाणेघाटात धबधबा उलटा उडतो. कडा वाऱ्याची दिशा बदलू शकतो याला याहून ठळक साक्ष कोणती हवी?

तिसरा मुद्दा घड्याळाचा. 'वाऱ्याची दिशा सकाळी गालावर कळते' या वाक्यात एक गृहीतक लपले आहे : सकाळी कळलेली दिशा दुपारी टिकेल. शालेय भूगोलात आपण सर्वांनी दरीय वारे आणि पर्वतीय वारे शिकलो आहोत. रात्री उतारावरची हवा थंड होते, जड होते, आणि घळींमधून खाली उतरते. ऊन पडले की तोच उतार तापतो आणि हवा वर चढू लागते. म्हणजे वरच्या प्रवाहाचा जोर कमी असेल तेव्हा पहाटे वास खाली जातो, दुपारी वर. पहाटे खालून चढणारा माणूस सुरक्षित असतो. तोच माणूस त्याच वाटेवर दहा वाजता उघडा पडतो. त्याने चूक काय केली? काहीही नाही. फक्त ऊन आले.

हे ऊनही सर्वत्र एकदम येत नाही. वेस्टर रॉस साधारण साडेसत्तावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. सप्टेंबरअखेर तिथे मध्यान्हीचा सूर्यसुद्धा क्षितिजापासून जेमतेम तीस अंश वर असतो. उत्तरेकडे तोंड केलेल्या उभ्या कॉरीच्या तळाला त्या दिवसांत ऊन लागतच नाही, आणि समोरचा दक्षिणाभिमुख उतार मात्र तापत असतो. एकाच दरीच्या एका अंगाला हवा चढते आहे, दुसऱ्या अंगाला उतरते आहे. अशा दरीत 'आजचा वारा' असा एकवचनी प्रयोग तरी कसा करावा?

इथे प्रतिपक्षाला एक गोष्ट न्यायाने दिली पाहिजे. हायलँड्सचे आकाश बहुधा ढगाळ असते, वारा जोराचा असतो, आणि अशा दिवशी उन्हाने चढणारे वारे दबून जातात. खरे आहे. पण मग 'मंद वारा उत्तम' या त्यांच्याच विधानाचे काय? वारा मंद झाला की हेच स्थानिक वारे डोके वर काढतात. मंद वाऱ्याची दिशा जोराच्या वाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक भटकते. उदबत्तीच्या धुराकडे पाहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. जोराच्या वाऱ्यात भोवरे, मंद वाऱ्यात भटकंती. डोंगरात बिनधोक वारा असा नाहीच. प्रत्येक वाऱ्याचा धोका वेगळा, आणि तो ओळखणे हीच विद्या.

चौथा मुद्दा तर्काचा आहे. घटकाभर धरून चालू की वारा एकच आहे, स्थिर आहे आणि थेट समोरून येतो आहे. तरीही सरळ तोंडावर वारा घेऊन जाणे शहाणपणाचे आहे का?

'वारा येईल तशी पाठ द्यावी' ही म्हण आपण संधिसाधूंसाठी वापरतो. हरीण ती शब्दशः पाळते. विसाव्याला बसताना ते बहुधा वाऱ्याला पाठ देते. पाठीमागून येणारा धोका नाकाला कळतो. समोरचा धोका, जिथला वास येऊ शकत नाही, तो डोळ्यांनी टिपता येतो. नाक मागे, डोळे पुढे. आता तोंडावर वारा घेऊन येणारा माणूस कोणत्या बाजूने येतो? बरोबर डोळ्यांच्या बाजूने. नियमाने त्याला नाकापासून वाचवले आणि नजरेच्या हवाली केले. म्हणून अनुभवी मागकाढे आडवा वारा पसंत करतात. आडव्या वाऱ्यात वास एका बाजूला निघून जातो आणि हरणाच्या नजरेच्या थेट पट्ट्यातही शिरावे लागत नाही. 'तोंडावर वारा' हा नियम हरणाला केवळ नाक आहे असे समजतो. हरणाला डोळेही आहेत.

पाचवा मुद्दा कपड्यांचा, आणि तो थोडक्यात आटोपतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत गंध शोषणारे कपडे घातलेली आणि साधे कपडे घातलेली माणसे लपवून शोधक कुत्र्यांना सोडले. कपड्यांनी फरक पडल्याचे दिसले नाही. कुत्रा म्हणजे हरीण नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण हरणाचे नाक दुबळे असल्याचा कोणताही पुरावा नाही. वासाशी निगडित कार्यक्षम जनुके माणसात सुमारे ४००, तर हरणासारख्याच रवंथ करणाऱ्या गाईत सुमारे १,२०० आहेत. शिवाय चढावर धापा टाकणाऱ्या माणसाच्या श्वासाला कोणता कपडा घालणार? कपडा वास कमी करील असे क्षणभर मानले, तरी उरलेला वास कुठे जायचा ते वाराच ठरवतो.

आता प्रतिपक्षाचा शेवटचा आणि खरोखर वजनदार मुद्दा : नियम सोपा आहे, आणि सोपा नियमच डोंगरात उपयोगी पडतो. या मुद्द्याचा मला आदर वाटतो. अवघड ज्ञान वापरता येत नसेल तर ते ज्ञान ओझेच. पण सोपेपणाचे समर्थन तेव्हाच टिकते, जेव्हा नियम बहुतेक वेळा बरोबर आणि क्वचित चूक ठरतो. इथे तो कुठे चुकतो? वाऱ्याआडच्या उतारावर, पहाट आणि सकाळ यांच्या सांध्यावर, मंद वाऱ्यात. हरणे नेमकी तिथे असतात आणि माणसे नेमकी तेव्हा निघतात. होकायंत्र वाळवंटात बरोबर आणि जंगलात चूक चालत असेल, तर जंगलात निघालेल्या माणसाने त्याच्या सोपेपणाचे कौतुक का करावे?

'आमचे बुजुर्ग असेच शिकवत आले' हे उत्तरही टिकत नाही. बुजुर्ग काय करतात ते पाहा. तो लोकरीचा पुंजका खिशात कोणी ठेवला? बुजुर्गानेच. चालताना तो गवताची पाती मोडून हवेत सोडतो, कड्यावरून सरकणाऱ्या धुक्याच्या पट्ट्याकडे टक लावून पाहतो, तळ्यावरच्या सुरकुत्या कोणत्या काठाकडे धावतात ते मनात टिपतो. अमुक कॉरी पश्चिमेच्या वाऱ्यात फसवी, तमुक खिंडीत दक्षिणेचा वारा दुभंगतो, हे त्याला पाठ असते. बुजुर्गांचे वाक्य आपण घेतले आणि त्यांचे हात पाहायला विसरलो.

खंडन पुरे झाले. मंडन न करता उठणे हा वाचकांवर अन्याय होईल.

माझा पर्यायी नियमही सोपाच आहे : वारा आपल्या तोंडाशी मोजू नका, हरणाच्या नाकाशी मोजा. हरणाच्या जागी स्वतःला मनाने बसवा आणि विचारा, माझ्यापासून निघालेला वास कोणत्या वाटेने इथवर येईल? त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. हरीण वाऱ्यासमोरच्या उतारावर आहे की वाऱ्याआडच्या? आत्ता त्या उतारावर ऊन आहे की सावली, आणि पुढच्या तासाभरात त्यात काय बदल होईल? आणि पुढे सरकताना जिथे जमिनीचे वळण बदलते, सोंड ओलांडली, घळीत उतरलो, कॉरीच्या तोंडाशी आलो, तिथे लोकरीचा धागा काय सांगतो? पहाटे हवा उतरत असेल तर हरणाच्या खाली राहा. ऊन चढल्यावर हवा चढत असेल तर वर राहा. धारेवरून जोराचा वारा सुटत असेल तर वाटीत उतरू नका. बाजूच्या सोंडेवर, वाहत्या वाऱ्यात राहा. आणि तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल तर परत फिरा. परत फिरणे हाही विद्येचाच भाग आहे.

आमचा मागकाढ्या दुसऱ्या दिवशी त्याच कॉरीकडे निघाला. वारा तोच, नैर्ऋत्येचा. कळप पुन्हा त्याच निवाऱ्याला येऊन बसला होता. या वेळी आम्ही कॉरीच्या तोंडाकडे फिरकलोही नाही. दोन तासांचा वळसा घालून डाव्या अंगाच्या सोंडेवर चढलो. ती सोंड वाऱ्याच्या दिशेनेच धारेवरून खाली उतरत होती. तिच्या पाठीवर वारा सरळ, अखंड वाहत होता आणि आमचा वास सोंडेच्या लांबीने, हरणांना बगल देऊन, दूर ईशान्येला नेत होता. मागकाढ्याने वाटेत सात वेळा लोकर सोडली. दोनदा धागा वाटीकडे वळला. दोन्ही वेळा आम्ही ओल्या खडकाला चिकटून, तो सरळ जाईपर्यंत पडून राहिलो. शेवटी नर दीडशे मीटरवर, आडवा, आमच्याच पातळीत दिसू लागला. आदल्या दिवशीचा पाहुणा बंदुकीमागे होता. आज त्याने गाल पुढे केला नाही. त्याने मागकाढ्याच्या बोटांकडे पाहिले.

म्हातारी मादी मान खाली घालून बसली होती. गोळी सुटेपर्यंत नराची रवंथ थांबली नव्हती.